सूर्याच्या नावावर

गावात इंटरनेट यायला एकच वाट होती आणि ती आकाशातून होती. डोंगर ओलांडून तार आणायचं पूर्वी बरेचदा ठरलं आणि तितक्याच वेळा बारगळलं. आता कुणी विचारतही नव्हतं. शाळा, दवाखाना, बँक, घराघरातले फोन आणि नदीच्या वरच्या अंगाचा खनिज धुण्याचा कारखाना, सगळ्यांची भिस्त टेकडीवरच्या एका पांढऱ्या डिशवर होती. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा मालक दूर शहरात बसे. उपग्रहावरून घाऊक लिंक घ्यायची आणि गावाला किरकोळीत वाटायची, हा त्याचा धंदा. डिश आणि तिच्या पायथ्याच्या खोल्यांतली यंत्रं सांभाळायला त्याने एक बाई नेमल्या होत्या. त्यांना सगळे डिशवाल्या बाई म्हणत.

बाईंचं वय बावन्न. आवाज खणखणीत. वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, त्यामुळे एका कानाने फोन ऐकायचा आणि दुसऱ्याने यंत्राचा पंखा, ही सवय अंगात मुरलेली. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. जवळचं माणूस म्हणजे धाकटी बहीण, तिचा नवरा आणि तिच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. ते तिघं कारखान्याच्या चाळीत राहत, गाळाच्या तळ्याच्या बांधाखाली; खनिज धुतल्यावर उरणारा गाळ त्या तळ्यात साठवत.

वर्षातून दोनदा बाईंना एक तक्ता करावा लागे. डिशचं तोंड उपग्रहाकडे लावलेलं असतं. त्या दोन मोसमांत आठवडाभर, भर दुपारी, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि उपग्रहाचा बारीकसा आवाज सूर्याच्या गोंगाटात बुडून जातो. लिंक जाते. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग चार, सहा, आठ, नऊ आणि पुन्हा उतरत तीन. यात कुणाचा दोष नसतो आणि कुणाला काही करताही येत नाही. बाई दिवस, वेळ, मिनिटं लिहून तक्ता सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवत आणि कुणीही तो वाचत नसे. मग त्या दिवशी फोन यायचे की नेट का गेलं. बाई म्हणायच्या, सूर्याला विचारा.

त्या वर्षी मात्र तक्ता मागायला माणूस स्वतः टेकडी चढून आला, तोही महिनाभर आधी. कारखान्याचा संपर्क अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. दारात बूट काढू का म्हणून विचारलं, तेव्हाच बाईंना तो आवडला. इतक्या वर्षांत त्या तक्त्याची कदर करणारं कुणी पहिल्यांदा भेटत होतं. त्याला सेकंदापर्यंत वेळा हव्या होत्या. बाईंनी हौसेने सगळं समजावलं. निघताना त्याने सहज विचारलं की लिंक प्रत्यक्षात किती वेळ गेली होती याची नोंद कुठे असते. उपग्रहवाल्यांकडे असते का?

"ते कशाला ठेवतील? सूर्याचा मामला आहे, त्यांना काय त्याचं," बाई म्हणाल्या. "माझ्या वहीत असते."

"फक्त तुमच्या वहीत," तो म्हणाला आणि हसून उतरून गेला. बाईंना त्याचं हसू संध्याकाळपर्यंत आठवत राहिलं, आणि का ते कळेना.

मोसम गुरुवारी सुरू झाला. दुपारी बारा चाळीसच्या सुमाराला यंत्रावरचे हिरवे दिवे पिवळे झाले, पिवळ्याचे लाल. दोन मिनिटं गाव जगापासून तुटलं. मग दिवे परत हिरवे झाले आणि नेहमीसारखी झुंबड उडाली. लिंक गेली म्हणून टोकाची यंत्रं काही थांबत नाहीत. दवाखान्याचं, बँकेचं, हवामानाचं यंत्र आपापली मिनिटं जपून ठेवतं आणि वाट मोकळी झाली की एकदम पाठवून देतं. पडद्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाची रेघ ताडकन उभी राहते. बाईंना ते बघायला आवडे. शाळा सुटल्यासारखं वाटे.

एक रेघ मात्र झोपलेलीच राहिली. कारखान्याची ती वेगळी लिंक होती, बांधावरच्या मापकांची. गाळाच्या तळ्याच्या बांधात नऊ उभ्या नळ्या पुरलेल्या होत्या आणि प्रत्येक नळीत एक मापक तारेने सोडलेलं होतं. बांधाच्या पोटात पाणी किती चढलंय ते ती मापकं दर मिनिटाला दूरच्या सरकारी सुरक्षा कार्यालयाला सांगत. कायद्याने तसं बंधन होतं. ती रेघ सूर्याच्या आधी दहा मिनिटं झोपली आणि सूर्य गेल्यावर दहा-अकरा मिनिटांनी जागी झाली. मागची मिनिटं पाठवायची धडपड तिने केलीच नाही. आपली नव्याने सुरुवात केली, जणू मधे काही झालंच नव्हतं.

बाईंना वाटलं, यंत्र बिघडलंय. शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. गिऱ्हाईक आहे, सांगायला हवं, म्हणून त्यांनी कारखान्यात फोन केला. संपर्क अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. बाईंचे आभार मानले आणि तुम्ही यात डोकं घालू नका, आमचं आम्ही बघतो, असं इतक्या गोड शब्दांत सांगितलं की फोन ठेवल्यावर बाईंना घटकाभराने अपमान झाल्याचं कळलं.

रविवारी लिंक परत आल्यावर त्या बहिणीकडे गेल्या. चाळीच्या तीन रांगा होत्या, शेवटची रांग थेट बांधाला टेकलेली. बहिणीचं घर शेवटच्या रांगेत. मागच्या खोलीत सासूबाईंची खाट होती आणि खाटेच्या चारही पायांखाली विटा दिसत होत्या. बाईंनी विचारलं तेव्हा बहिणीने पायानेच फरशी दाखवली. फरशांच्या सांध्यांतून ओल झिरपत होती. पोतेरं टाकलं की तासाभरात भिजत होतं.

"पाऊस नाही, नळ फुटलेला नाही," बहीण म्हणाली. "यांना म्हटलं तर म्हणतात, जमीन आहे, ओली होते कधी कधी."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी बाईंना जवळ बोलावून हळूच सांगितलं की भिंतीमागे कुणीतरी सारखं गुळण्या करतंय. बहिणीने डोळ्यांनीच खुणावलं, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस म्हणून. पण बाईंनी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती. मागच्या खोलीतून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर काटा होता आणि तो हवेचा नव्हता.

बहिणीचा नवरा बांधावरची मापकं बघायचा. गावात त्याला मोजणीदार म्हणत. अबोल माणूस. त्याच्यावर बहिणीचं एक नवीनच गाऱ्हाणं होतं. गुरुवारपासून दुपारी हे घरी जेवायला येत नाहीत. सव्वाबाराला पिशवी उचलतात आणि बांधावर जातात, आज रविवार असूनसुद्धा. "माझ्या हातचं जेवण नकोसं झालंय वाटतं," ती हसून म्हणाली. मोजणीदारही हसला, पण त्याने बाईंकडे पाहिलं नाही.

सव्वाबारा. घरी परतताना बाईंनी चढावर स्कूटर थांबवली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

सोमवारी, सूर्याच्या ऐन नऊ मिनिटांच्या दिवशी, दोन फोन आले. पहिला सुरक्षा कार्यालयातल्या निरीक्षकाचा. आवाजावरून तरुण, थोडा चाचरत बोलणारा. त्याच्याकडे कारखान्याचा खुलासा आला होता की दररोज वीस-पंचवीस मिनिटांची मापं सूर्यामुळे मिळू शकली नाहीत. त्याला इंटरनेटवाल्यांचं प्रमाणपत्र हवं होतं.

"पंचवीस?" बाई म्हणाल्या.

"तेच विचारतोय, बाई. आणि अजून एक. दर वेळी लिंक परत आली की नऊही नळ्यांतलं पाणी वीतभर खाली गेलेलं असतं. सूर्यामुळे आकडे दिसत नाहीत हे समजू शकतो. पाणी कसं उतरतं?"

उद्या कळवते, असं बाई म्हणाल्या. दुसरा फोन मालकाचा होता, आणि तो कधी नव्हे ते तब्येतीची चौकशी करत होता. कारखाना आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. ते मजकूर लिहून पाठवतील, बाईंनी फक्त सही करायची. मिनिटं इकडची तिकडे झाली तर सूर्य काही कोर्टात जाणार नाही, असा विनोदही त्याने केला. थोड्या वेळाने मजकूर आला. पाच दिवसांची मिनिटं त्यात सूर्याच्या नावावर लिहिली होती, एकूण एकशे सोळा. बाईंच्या वहीत एकोणतीस होती.

मंगळवारी बाईंनी अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. लिंक जायच्या वीस मिनिटं आधी खोलीला कुलूप लावून स्कूटर काढली आणि बांधावर गेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं की बहिणीची सासू अत्यवस्थ आहे, तिच्या मुलाला बोलवायचंय. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही याचं त्यांना नंतर नवल वाटलं.

बांधाच्या माथ्यावर ऊन रणरणत होतं. एका बाजूला करड्या गाळाचं तळं, इतकं निश्चल की ते जमीनच वाटावं. दुसऱ्या बाजूला खाली चाळीची छपरं आणि दोऱ्यांवर वाळणारे कपडे. मोजणीदार पाचव्या नळीपाशी उकिडवा बसला होता. मापकांच्या पेटीचं दार उघडं होतं आणि आतले दिवे विझलेले होते. नळीतून तार ओढून त्याने ती वीतभर वर घेतली, कडीला गुंडाळली आणि गाठ मारली. त्या कडीवर आधीच्या गुंडाळ्या होत्या. पाच.

बाईंची सावली अंगावर पडली तेव्हा त्याने मान वर केली. पळाला नाही, दचकलाही नाही.

"मापक वर घेतलं की पाणी कमी दिसतं," तो म्हणाला, जणू शिकवत होता. "चालू असताना घेतलं तर आकडा पडताना तिकडे दिसतो. मधे खंड पडला तर ते म्हणतात, यंत्र नव्याने सुरू झालं, म्हणून आकडा बदलला."

मग त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. बांधाखालून पाणी काढणारा नळ गाळाने तुंबला होता. तो मोकळा करायचा तर धुण्याचं काम दोन महिने बंद ठेवावं लागलं असतं. कामाचा मोसम उरकला की करू, असा कारखान्याच्या साहेबांनी शब्द दिला होता. तोवर आकडा धोक्याच्या लाल रेघेच्या खाली ठेवायचा. खरं पाणी लाल रेघेच्या दोन हात वर होतं.

"खाली कोण राहतं, मोजणीदार?"

"मीच राहतो, ताई." तो म्हणाला. "म्हणून तर त्यांनी मला सांगितलं. आणि मला वाटलं, मी रोज बघतोच आहे, काही झालं तर पहिलं मलाच कळेल. दुसऱ्या कुणाच्या हातात देण्यापेक्षा मीच सांभाळीन."

बाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याचा हात धरावासा वाटला. दोन्ही केलं नाही. खाली कुणीतरी बाई दोरीवरची चादर झटकत होती.

टेकडीवर परत येऊन त्यांनी निरीक्षकाला स्वतःच्या वहीतली मिनिटं पाठवली, पाहिलेलं सगळं लिहिलं आणि खाली सही केली. तासाभराने त्याचा फोन आला. त्याने वरिष्ठांना दाखवलं होतं. वरिष्ठ म्हणाले होते, एका बाईच्या सांगण्यावरून वसाहत रिकामी करता येत नाही; पथक शुक्रवारी येईल. "माझ्या पडद्यावर आकडे लाल रेघेखाली आहेत," तो म्हणाला. "ते वर गेले तर भोंगा वाजवायचा हुकूम मी एकटा देऊ शकतो. पण ते वर जायला हवेत."

बाईंनी हे मोजणीदाराला जसंच्या तसं कळवलं. त्याने हं म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी संपर्क अधिकारी दोन माणसं घेऊन टेकडीवर आला. आवाज तसाच मऊ. मालकाशी बोलणं झालंय, उद्यापासून इथे दुसरा माणूस बसेल, बाईंनी वही आणि किल्ल्या तयार ठेवाव्यात. एवढं सांगून तो उतरून गेला, ती दोन माणसं मात्र थांबली. एकाने खुर्ची ओढून दारात ठेवली आणि तिच्यावर बसला. दुसरा डिशच्या भोवती सावकाश चकरा मारू लागला. बाई पडद्यासमोर बसून राहिल्या.

बारा एकतीसला कारखान्याची रेघ झोपायला हवी होती. झोपली नाही. बारा अडतीसला दिवे पिवळे झाले, मग लाल, आणि सगळ्याच रेघा एकदम सपाट झाल्या. त्या दिवशी सूर्याची सहा मिनिटं होती. खुर्चीवरचा माणूस जांभया देत होता. बाईंना माहीत होतं की बांधावर आत्ता एक माणूस गाठी सोडतोय, आणि पेटीचे दिवे चालू आहेत की नाहीत हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

हिरवे दिवे लागले. शाळेची रेघ उभी राहिली, बँकेची, दवाखान्याची. मग मापकांची रेघ ताडकन वर गेली. सहा मिनिटांत जपून ठेवलेलं सगळं तिने एका दमात आकाशात फेकलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. चार मिनिटांनी चाळीवरचा भोंगा वाजला, टेकडीवर स्पष्ट ऐकू येईल इतका मोठा. दारातला माणूस उठून उभा राहिला, त्याने फोन कानाला लावला आणि मग दोघंही उतारावरून पळत सुटले.

त्या दुपारी चाळ रिकामी झाली. सासूबाईंना चौघांनी खाटेसकट उचलून आणलं आणि टेकडीवर यंत्रांच्या शेजारच्या खोलीत ठेवलं; बहीण आणि मोजणीदारही तिथेच राहू लागले. बाकीचे लोक शाळेत गेले. मोजणीदाराला कारखान्याने त्याच संध्याकाळी काढून टाकलं. शुक्रवारी पथक आलं, त्यांनी बांध पाहिला, धुण्याचं काम बंद करायला लावलं आणि चाळीत परतायला मनाई केली. मालकाने बाईंना काढण्याची भाषा सोडून दिली; निरीक्षकाचं पत्र त्याच्याकडेही गेलं होतं.

आणि मग काहीच झालं नाही. एक दिवस, दोन, चार. शाळेच्या फरशीवर झोपून लोकांच्या पाठी धरल्या. काम बंद, चूल धड नाही. बांध तर जिथल्या तिथे. संपर्क अधिकारी शाळेत येऊन सगळ्यांची आपुलकीने विचारपूस करून जाई आणि जाताना म्हणे, आमच्या हातात काय आहे, एकाच घरच्या मंडळींनी घोळ घातला. बहीण नळावर पाणी भरायला गेली की बायका बोलायच्या थांबत. मोजणीदाराला एकाने कॉलर धरून विचारलं की वर घेतलेलं खोटं का खाली सोडलेलं. तो म्हणाला, "वर घेतलेलं." समोरच्याला ते पटलं नाही.

आठव्या दिवसापासून लोक पहारा चुकवून सामान आणायला चाळीत जाऊ लागले. काही तिथेच राहिले. बहिणीच्या शेजारची शिवणकाम करणारी विधवा जाताना तिला म्हणाली, तुझ्या नवऱ्याच्या गाठींपायी माझी शिलाई बुडाली.

अकराव्या दिवशी सकाळी साडेनऊला बाई पडद्यासमोर होत्या. हवा स्वच्छ, लिंक ठणठणीत, सगळे दिवे हिरवे. मापकांच्या रेघेतला पाचव्या नळीचा आकडा वर उडाला, मग नाहीसा झाला. मग चौथीचा, सहावीचा. बाईंनी फोन उचलला तोच तो वाजला. निरीक्षक होता. त्याने भोंग्याचा हुकूम दिला होता, पण भोंग्याची तार बांधावरूनच गेलेली होती. "वाजतोय का?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "तुम्हाला ऐकू येतोय का?"

भोंगा ऐकू येत नव्हता. खालून जो आवाज येत होता तो ट्रकमधून खडी ओतल्यासारखा होता आणि थांबत नव्हता. मोजणीदार अनवाणीच टेकडी उतरून धावत गेला. संध्याकाळपर्यंत परतला नाही. परतला तेव्हा कमरेपर्यंत करडा झाला होता.

चाळीच्या दोन रांगा गेल्या. शंभराच्या वर माणसं राहत होती तिथे. त्या सकाळी सात होती. शिवणकाम करणारी त्यांत होती.

चौकशी झाली. मोजणीदाराने कुठल्या दिवशी किती वीत, सगळं सांगितलं, स्वतःला वगळलं नाही. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. साहेबांचं प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि तिथेच राहिलं. बहीण आणि सासूबाई टेकडीवरच राहिल्या. नवरा सुटून आला तेव्हा बहिणीने त्याला ताट वाढलं, पाणी दिलं आणि त्या दिवशी एवढंच केलं. सात माणसांबद्दल ते दोघं आपसात बोलले की नाही ते बाईंना कधी कळलं नाही.

कारखाना पुन्हा सुरू झाला. नवीन तळं नदीच्या दुसऱ्या काठाला, जास्त उंचावर बांधलं. मग एके सकाळी मालकाचा फोन आला. मापकांची लिंक आता आपल्याकडे राहणार नव्हती. कारखान्याने परस्पर उपग्रहवाल्यांशी करार केला होता. त्यांची स्वतःची डिश, स्वतःच्या आवारात, स्वतःच्या माणसाच्या हाती.

बाईंनी फोन ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. मापकांची रेघ सपाट होती. कुणी ती आता उठवणार नव्हतं.

मोजणीदार अंगणात सासूबाईंची चादर वाळत घालत होता. बाईंनी त्याला सांगितलं. त्याने ओली चादर दोरीवर नीट पसरली, कोपरे ओढले.

"त्या तळ्याखाली काय आहे?" त्याने विचारलं.

"बाजार," बाई म्हणाल्या. "आणि दवाखान्याची मागची बाजू."

त्याने हात पुसले, पायांत चपला सरकवल्या आणि नदीच्या वाटेला लागला. बहीण दारात येऊन उभी राहिली. तो दिसेनासा होईपर्यंत तिने त्याला हाक मारली नाही.